पंचाचे कान

सदाशिव खळदकरांना पंच करायचं, हे कमिटीत एकमतानं ठरलं. आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत एकमतानं काही ठरलं, की समजावं कुणाचं तरी वाटोळं होणार. याआधी एकमतानं फक्त टँकरवाला बदलला होता, आणि त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी चहाच्या रंगाच्या पाण्यानं आंघोळी केल्या होत्या.

प्रकरण असं होतं. सोसायटीच्या वर्धापनदिनाला आम्ही संगीत खुर्ची ठेवतो, पाककृती ठेवतो, त्या पाककृती खाऊन लोक आजारी पडतात आणि वर्ष सुखाचं जातं. गेल्या वर्षी पोरांनी त्यात बॅटल रॅप घुसवला. म्हणजे काय, तर दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मागं धबधब ताल वाजणार, आणि त्या तालावर यमक जुळवत एकमेकांची अब्रू काढायची. जो जास्त काढेल तो जिंकला. शेजारच्या सुभद्राबाई ऐकून म्हणाल्या, "यात नवीन ते काय? आमच्या चाळीत नळावर रोज व्हायचं. नुसतं यमक नव्हतं." गेल्या वर्षीच्या पंचांनी बक्षीस स्वतःच्या भाच्याला दिलं, मग खुर्च्या उडाल्या, आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावात निघाली. म्हणून यंदा पंच असा हवा होता, की जो सख्ख्या बापालाही सोडणार नाही.

तसा माणूस अख्ख्या हायवेच्या अलीकडे एकच. सदाशिव चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होता. तिथं गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात, आणि ट्रकमध्ये चढायच्या आधी शेवटचा हात त्यांच्यावरून सदाशिवचा फिरतो. माल चांगला असला की हिरवा टॅग, खोट असली की लाल. एकदा मेव्हण्याच्या छोट्या वर्कशॉपमधून आलेला अख्खा लॉट त्यानं लाल केला. मेव्हणा अजूनही लग्नकार्यात त्याच्याकडे पाठ करून जेवतो. सदाशिवला त्याचं दुःख आहे, पण तो सांगतो, "भोक पाव मिलिमीटर सरकलेलं होतं हो." असा माणूस.

सोसायटीचे चेअरमन दौलतराव स्वतः विचारायला आले. ते भजनी मंडळही चालवतात, त्यामुळे साधं बोलताना सुद्धा मध्येच डोळे मिटतात. "सदाशिवराव, न्याय पाहिजे न्याय," ते डोळे मिटून म्हणाले. न्याय म्हटल्यावर सदाशिवचा ऊर भरून आला. त्याला रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तपासणी ती तपासणी.

यात एक गोम होती. स्पर्धेत त्याची मुलगी पूर्वी उतरणार होती.

पूर्वी ताथवड्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात तिच्या जिभेला धार आहे असं म्हणत, आणि घरी तिला जीभ आहे की नाही असा प्रश्न पडावा. पूर्वीची आई, मृदुलावहिनी, गेल्यापासून त्या घरात बापलेकीचं बोलणं म्हणजे, "सिलिंडर लावला का?" "लावला." "कुलूप?" "बघितलं." वहिनी दिवाळीच्या तोंडावर गेल्या, आता दुसरी दिवाळी येत होती. त्यांच्या माघारी सदाशिवनं रडारड केली नाही. सकाळी उठून गॅस तपासायचा, नळ तपासायचा, दाराची कडी तपासायची आणि चाकणची बस पकडायची. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर माणसाच्या घरी कोण रडणार? पूर्वीही रडली नाही.

पंच व्हायचं ठरल्यावर पूर्वी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही पंच नका ना होऊ."

"का?"

"असंच."

"माझ्यावर भरवसा नाही? बापानं झुकतं माप दिलं म्हणतील म्हणून?"

"तसं नाही हो. तुम्ही नुसते समोर बसा. खुर्चीत. बाकीच्यांसारखे."

गेल्या कित्येक महिन्यांतलं त्या दोघांचं हे सगळ्यांत लांब बोलणं. आता कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता आणि म्हणाला असता, बाळ, का गं? पण सदाशिवला झोंबलं. मेव्हण्याचा लॉट लाल करणाऱ्या माणसाच्या सचोटीवर पोटच्या पोरीनं शंका घ्यावी! "मी काय करतो ते बघच तू," तो म्हणाला आणि गॅस तपासायला वळला. पूर्वीनं ओट्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. ओट्यावर मसाल्याच्या डब्याशेजारी वहिनींचा चष्मा होता. गेल्या तेव्हापासून तो तिथंच होता. कुणी उचलला नाही आणि कुणी त्याच्याबद्दल बोललंही नाही.

मग सदाशिव कामाला लागला. कंपनीत कुठलाही भाग तपासायचा तर आधी त्याची मापं ठरतात. अब्रू काढण्याची मापं कुठं ठरलेली होती? त्यानं विचारपूस सुरू केली, आणि पुनावळ्यात तुम्ही सल्ला मागायला निघालात, की न मागितलेलाही घेऊनच घरी येता. दौलतराव म्हणाले, "तालाला मार्क द्या. शब्द काय, येतात जातात." खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी टाळ्यांचा आवाज मोजायचं यंत्र आणायला सांगितलं. सुभद्राबाई कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "भांडणात जोरात कोण ओरडलं ते बघायचं नसतं भावोजी. कुणाचं लागलं ते बघायचं." सदाशिवनं विचारलं, लागलं हे मोजायचं कशानं? बाई म्हणाल्या, "आता ते तुम्हाला कसं सांगू?" आणि काड्या घेऊन आत गेल्या.

शेवटी तो दापोडीच्या करिष्माला भेटला. ही दिवसा दवाखान्यात नंबर लावते आणि सुट्टीला बॅटलमध्ये भल्याभल्यांना आडवं करते. तिला दुसरी पंच नेमलं होतं, तिसरे दौलतराव. सदाशिवनं तिच्यापुढं आपला तक्ता ठेवला. यमक, ताल, दम, शब्दफेक, आणि वजाबाकीची कलमं वेगळी. करिष्मानं तो भक्तिभावानं वाचला.

"भारी आहे काका. पण खरं सांगू का? जज म्हणजे नुसता कान. आधी ऐकायचं. पोरगं काय बोलतंय, कुणाला बोलतंय, का बोलतंय. मार्क मग आपोआप पडतात."

"पण घरचं माणूस असेल तर?"

"मग तर जास्तच ऐकायचं."

सदाशिवनं मान डोलावली. त्याला ते पोरकट वाटलं. कंपनीचा पहिला धडा हा, की स्वतःच्या मशीनवरचा माल स्वतः पास करायचा नाही. हात लावायचा नाही, बघायचंही नाही. दुसऱ्यानं तपासायचा.

पोलीस चौकीतली कथा वेगळीच. लाउडस्पीकरच्या परवानगीला गेला, तर तिथल्या कारकुनानं कार्यक्रमाची संहिता मागितली. सदाशिव म्हणाला, संहिता नसते, ते जागेवर सुचतं. "काय सुचतं?" "एकमेकांचा अपमान." कारकुनानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे भांडणाची परवानगी मागताय तुम्ही." भाषण म्हणावं तर विषय नाही, गायन म्हणावं तर राग नाही, आणि राग म्हणावा तर तो फारच. अखेर अर्ज मैदानी खेळात बसला, आणि त्यात बसल्यामुळे प्रथमोपचार पेटी आणि स्ट्रेचर ठेवणं आलं. स्ट्रेचर आम्ही ठेवलंही. त्याच्यावर नंतर वडापावचे ट्रे मांडले.

कारकून एवढ्यावर खूश होता. पण सदाशिव कुठला थांबतोय? गेल्या वर्षीचं भांडण मोबाइलमधल्या क्लिपांनी पेटलं होतं, म्हणून त्यानं आपणहून लिहून दिलं, की चित्रीकरण होणार नाही, एकाही मोबाइलवर नाही, जबाबदारी माझी. आणि घरी येऊन नियमांत कलम सात घातलं: वार प्रतिस्पर्ध्यावरच करावा. पंचांवर वार केल्यास ती फेरी बाद. नियमांचा कागद त्यानं लिफ्टमध्ये चिकटवला. पूर्वी रोज त्याच लिफ्टनं खाली जात होती.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. अख्खी सोसायटी, शिवाय कॉलेजची पोरं. पूर्वी एकेकाला गार करत अंतिम फेरीपर्यंत आली. समोर धनेश. हा लातूरकडचा, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर, नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे तांबडे पण जीभ ताजी.

आता सदाशिवनं काय केलं ते ऐका. पूर्वी बोलायला उभी राहिली, की तो खिशातून दोन भगवी बोंडं काढायचा आणि कानात घालायचा. कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजासाठी देतात ती, स्पंजाची. एक कान प्रेसनं आधीच अर्धा नेलेला होता, उरलेल्याचा बंदोबस्त बोंडानं झाला. तिच्या चेहऱ्याचाही परिणाम होऊ नये म्हणून मान खाली. आणि एवढं करूनही एखादा शब्द आत शिरलाच तर, म्हणून तो ओठातल्या ओठात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. तिचे मार्क? दौलतराव आणि करिष्मा देतील त्याची सरासरी. असा निःपक्षपातीपणा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी पाहिला नव्हता. खरं तर तेव्हाही कुणी पाहिला नाही, कारण केस लांब ठेवल्यामुळे त्याची बोंडं दिसत नव्हती.

धनेशनं सुरुवात केली:

"ताथवड्याची इंजिनियर, ऐट हिची भारी,
फ्यूज उडाला घरातला, की वायरमनच्या दारी!"

सदाशिवनं हे सगळं ऐकलं. भारी, दारी. यमक मापात. वार बसला. त्यानं मन लावून मार्क दिले. मग पूर्वी उभी राहिली, बोंडं आत. तिनं काहीतरी जबर हाणलं असावं, कारण पुढच्या रांगेतली पोटं हलताना त्याला दिसली. एकोणतीस सत्ते दोनशे तीन. दुसऱ्या फेरीतही तेच. दोघं बरोबरीत होते.

तिसरी फेरी, पहिली पाळी पूर्वीची. सदाशिव मान खाली घालून बसला. थोड्या वेळानं धबधब थांबलं. तिनं हात करून ताल बंद करायला लावला होता. ताल सोडला, हा दोष, असं त्यानं मनात टिपलं. ताल थांबल्यामुळे तिचा आवाज टाकीत बोलल्यासारखा घुमत यायला लागला, तेव्हा सदाशिवनं अंगठ्यानं बोंडं आणखी आत ढकलली. एकोणतीस आठे दोनशे बत्तीस. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. पुढच्या रांगेत सुभद्राबाईंच्या पदराचं टोक वर गेलेलं त्याला दिसलं. बाईंना सर्दी झाली असावी.

पूर्वीचे पाय माइकपासून बाजूला झालेले दिसले तेव्हा त्यानं बोंडं काढली. धनेश माइक घेऊन उभा होता. तो म्हणाला, "माझ्याकडं याचं उत्तर न्हाई बगा," आणि माइक खाली ठेवला. दौलतराव सदाशिवकडे झुकले. त्यांचे डोळे या खेपेला खरोखर ओले होते.

"सदाशिवराव, ते कलम सात... काय करायचं?"

"कलम सात? पंचांवर वार केला तिनं?"

"म्हणजे... तुमच्यावरच."

सदाशिवची कानशिलं तापली. पंच होऊ नका म्हणत होती, ते न ऐकल्याचा राग चव्हाट्यावर काढला पोरीनं! करिष्मा म्हणत होती, "काका, सोडा ना, हे वेगळं आहे," पण तो उठलाच. माइक हातात घेतला आणि कंपनीतल्या आवाजात म्हणाला, "मुलगी माझी असली तरी नियम सगळ्यांना सारखा. पूर्वी खळदकर, तिसरी फेरी बाद. रिजेक्ट."

एक टाळी पडली नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या सायलेन्सरची टिकटिक ऐकू यावी इतकी शांतता. सदाशिवला वाटलं, खऱ्या न्यायाला लोक असेच स्तब्ध होतात. पूर्वीनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि जिन्यानं वर गेली.

लिफ्टपाशी सुभद्राबाईंनी त्याला गाठलं. "दगड हो तुम्ही, दगड!"

"वहिनी, नियम म्हणजे..."

"चुलीत घाला तुमचे नियम! पोरीनं चारचौघांत काळीज काढून पुढ्यात ठेवलं आणि तुम्ही रिजेक्ट म्हणता? जीभ कशी रेटली?"

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणाली? समोर बसला होतात ना?"

सदाशिवनं खिशातून बोंडं काढून दाखवली. बाईंनी ती बघितली, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्या वॉचमनच्या स्टुलावर खाली बसल्या. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या. मग आठवून आठवून, ओल्या आवाजात, यमकाला अडखळत त्यांनी सांगितलं:

"बाबा, तुम्ही माप घेता केसाएवढ्या भेगेचं,
कधी घेतलंत माप आईच्या रिकाम्या जागेचं?"

सदाशिवनं लिफ्टच्या दाराला हात टेकला. लिफ्ट आली, उघडली, आतला नियमांचा कागद दिसला, आणि दार परत मिटलं.

"आणखी होतं," बाई म्हणाल्या. "चष्म्याचं काहीतरी. दौलतरावांना विचारा."

दौलतराव खुर्च्या मोजत होते. त्यांना चष्मा खिडकीत असल्याचं आठवत होतं. पण यमक जुळेना, मग त्यांनी डोळे मिटले आणि ते आलं:

"तिची साडी कपाटात, तिचा चष्मा ओट्यावर,
तिचं नाव मात्र येत नाही तुमच्या ओठांवर."

"याच्यापुढं एक ओळ होती, सदाशिवराव. शेवटची. तिथं सगळ्यांचा बांध फुटला. पण काय होती ते आता... तुम्ही असं करा, कुणाच्या मोबाइलमध्ये असेल."

कुणाच्याही मोबाइलमध्ये नव्हती. आमच्या सोसायटीत गाडी आपल्याच जागी लावा हा नियम कुणी पाळत नाही, ओला कचरा सुका कचरा कुणी पाळत नाही. पण चित्रीकरण नाही हा सदाशिवचा नियम त्या दिवशी अगदी वॉचमननंसुद्धा पाळला. सदाशिव एकेकाच्या दारी गेला. बँकवाले, कॉलेजची पोरं, वडापाववाला. ओळ होती, हे सगळ्यांना ठाऊक. ती काय होती ते कुणालाच सांगता येईना. सगळे तेव्हा रडत होते.

गेटवर धनेश बाइकला किक मारत होता. बक्षिसाची ढाल त्यानं टेबलावरच सोडली होती. सदाशिवनं त्यालाही विचारलं.

"न्हाई काका, माझं डोकंच बंद पडलं हुतं. माझी माय गावाकडं हाय, तिचीच आठवण आली." त्यानं हेल्मेट घातलं, परत काढलं. "एक सांगू का? ती हरायचं ठरवूनच आलती. कलम सात तिला पाठ हाय. मला आधीच म्हनली, तिसऱ्या फेरीत तुझ्यावर काई येणार न्हाई, भिऊ नको."

सदाशिव वर गेला तेव्हा पूर्वीच्या खोलीचं दार बंद होतं. त्यानं टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. त्या रात्री तो गॅस तपासायला विसरला.

सोमवारी सकाळी पूर्वी चहा करत होती. सदाशिव कंपनीचा शर्ट घालून आला आणि त्यानं ती दोन बोंडं ओट्यावर ठेवली, चष्म्याच्या शेजारी. तिला कळेना.

"काल हे कानात होतं," तो म्हणाला. "तुझ्या प्रत्येक पाळीला. झुकतं माप नको म्हणून."

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही?"

"नाही."

पूर्वी हसली. खूप हसली, ओट्याला धरून, आणि मग ते हसणं भलतीकडंच गेलं. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि पाठ करून म्हणाली, "मला वाटलं, ऐकून बाद केलंत."

"नाही गं. ऐकलं असतं तर..." पुढचं त्याला जुळेना. "सगळ्यांकडून गोळा केलं मी. शेवटची ओळ तेवढी मिळाली नाही. कुणालाच आठवत नाही. सांगतेस?"

"ती आता नाही सांगता यायची, बाबा."

"का?"

"ती ठरवून आणली नव्हती. तुमच्याकडे बघून सुचली. तुम्ही मान खाली घालून बसला होतात आणि ओठ हलत होते तुमचे. मला वाटलं, बाबा आईचं नाव घेतायत. म्हणून म्हटली." ती वळली. "काय म्हणत होतात?"

सदाशिवनं जन्मात खोटा शेरा मारला नव्हता. आत्ता मारावा असं त्याला फार वाटलं. एकच शब्द बोलायचा होता, आणि पोरगी मानायला तयार उभी होती.

"एकोणतीसचा पाढा," तो म्हणाला.

ती सांडलेला चहा पुसायला लागली. पुसता पुसता फडकं चष्म्यापाशी आलं आणि नेहमीसारखं त्याला वळसा घालून पुढं गेलं. सदाशिवनं ते पाहिलं. त्यानं चष्मा उचलला. काचांवर तेलकट धूळ बसली होती. शर्टाच्या टोकानं तो पुसायला गेला तर ती आणखी पसरली.

"मृदुला," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं परत म्हटलं. "मृदुलाला हा पाढा कधी आला नाही. तुझा अभ्यास घ्यायची तेव्हा सव्विसाच्या पाढ्यालाच अडकायची." आणि तो मटकन खाली बसला, तिथंच, फरशीवर, कंपनीच्या इस्त्रीच्या कपड्यांत, आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

पूर्वी त्याच्याशेजारी बसली. मग ती नाक ओढत म्हणाली, "सव्विसाला नाही. सत्ताविसाला."

"सव्विसाला."

"सत्ताविसाला, बाबा. सव्विसाचा यायचा आईला. सत्तावीस सत्ते आलं की फोडणी जळते म्हणून उठून जायची."

"ते सव्वीस सत्ते!"

"तुम्ही होतात का घरी तेव्हा?"

तो नव्हता. ते त्याला मान्य करावं लागलं. मग मृदुला चहात आलं घालायची की वेलची, यावरून दोघांचं वाजलं. खाली चाकणची बस आली, हॉर्न वाजवून वाजवून दमली आणि निघून गेली. शेवटची ओळ पूर्वीनं त्याला अजूनही सांगितलेली नाही. त्या दिवशी कंपनीतून जो माल गेला तो कुणी तपासला, देव जाणे.